टेकावरच्या घराला पाणी

माझ्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. एकदा कामाला लागली की मान वर करत नाही, म्हणून. ती कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनवते, तेही एकटी. चित्रं तीच काढते, आवाज तीच भरते, चुका तीच करते आणि त्या सापडल्या की स्वतःवर डाफरतेही तीच. आधी ती एका मोठ्या कंपनीत हेच काम करायची. तिथे म्हणे ढीगभर माणसं मिळून एक गेम करतात, आणि हिच्या वाट्याला आली नुसती दारं. गेममधलं दार ढकललं की कसं हलावं, किती करकरावं, त्याच्या मागे कुणी उभं असेल तर काय करावं. दोन वर्षं माझी पोर दारं उघडत आणि लावत बसली. मग राजीनामा देऊन घरी आली आणि म्हणाली, "आई, आता जे करीन ते अख्खं माझं असेल."

मी उभा जन्म बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढला. समोर पाटी लावलेली असताना माणसं तीच गाडी किती वाजता आहे म्हणून विचारतात, आणि आपण गोड बोलायचं. तेव्हा जो राग माझ्या नाकावर येऊन बसला, तो निवृत्त झाले तरी उतरलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको.

मागची खोली तिनं घेतली. पूर्वी तिथे इस्त्रीचं टेबल आणि शिलाई मशीन होतं. आता कॉम्प्युटरचे दोन पडदे, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि ऊन चमकतं म्हणून खिडकीला चिकटवलेला खाकी कागद. ती सध्या करतेय त्या गेमचं नाव 'चावीवाली'. चढावरचं एक गाव आहे. एक बाई खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून पहाटे निघते आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडते. खालचा व्हॉल्व्ह जास्त उघडला की वरच्या गल्लीतल्या पाण्याचा जोर जातो. ठरल्याइतक्या घरांत पाणी पोचलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'शाबास' उमटतं आणि पुढचा दिवस उजाडतो. पाण्याचे आवाज सगळे आमच्या न्हाणीघरातले. आमचे हे, म्हणजे मुंगीचे बाबा, तिथे उभे राहून तांब्यानं, मगानं, नळानं पाणी ओतत होते आणि ती माइक धरून "बाबा, जरा हळू" म्हणत होती. घरातली एकही बादली सुटली नाही.

खेळणं आणि वाचणं हासुद्धा तिच्या कामाचाच भाग, हे समजायला मला वेळ लागला. मध्यंतरी ती एक गोगलगाय चालवत होती. एकाच बागेत पत्रं वाटणारी गोगलगाय. कुणा एका माणसानं एकट्यानं केलेला गेम. तो ती दोनदा खेळली, का, तर इतक्या हळू चाललेल्या गोष्टीत कंटाळा कसा येत नाही ते बघायला. त्यानंतर एका लिफ्टचा गेम आणला, चकचकीत, सगळीकडे नावाजलेला. तो अर्ध्यात बंद केला. "यात मला कुणाची काळजीच वाटत नाही," म्हणाली. वाचायचं तर शहरांच्या पोटातल्या नळांवरचं एक जाडजूड पुस्तक तिनं जेवताना ताटाशेजारी ठेवून संपवलं. रहस्यकथा मात्र ती मागून पुढे वाचते. खुनी कोण ते आधी बघायचं, आणि मग लेखकानं तो कसा लपवला ते शोधत यायचं. ह्यांना ते बघवत नाही. "अगं, निदान मला सांगू तरी नकोस," म्हणून ते हातातलं वर्तमानपत्र घेऊन बाहेर जातात.

तर सगळं असं चाललं होतं, आणि तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला. परत ये, या वेळी अख्ख्या तुकडीची प्रमुख म्हणून ये, सोमवारी उत्तर दे. मी तर हरखले. तिच्या मागेच लागले, उठता-बसता एकच विषय. तिनं वाद घातला नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाहीतर ही पोर वादाला कधी मागे हटत नाही.

"गेम जमला असता तर मी तेव्हाच नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तो जमत नाहीये, आई. काहीतरी चुकतंय आणि मला ते दिसत नाहीये. सोमवारपर्यंत दिसलं नाही, तर जाते मी परत."

काय चुकतंय, तर लोक खेळायचे, छान आहे म्हणायचे आणि उठून जायचे. पुन्हा खेळू का, असं कुणी विचारायचं नाही. ह्यांनी खेळून पाहिला, माझ्या थोरल्यानं पाहिला, सूनबाईनं पाहिला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालासुद्धा तिनं हातातलं काम सोडायला लावून वर आणलं. सगळ्यांचं एकच, छान आहे. मुंगी म्हणायची, 'छान'इतका वाईट शब्द दुसरा नाही.

आणि मला? मला तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. शिंपी चालतो आणि जन्मदाती चालत नाही. मी मनात म्हटलं, राहू दे, आपण काय अडाणी. भांडी तेवढी जरा जोरात ठेवत होते.

शनिवारी जेवायच्या आधी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, आज तू खेळशील?"

"आज बरी आठवण झाली," मी म्हटलं आणि हात पुसत गेले.

तिचा एक नियम आहे. दुसरा कुणी खेळत असताना करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मागे स्टुलावर बसायचं आणि पडद्याकडे नाही, तर खेळणाऱ्याच्या हातांकडे आणि तोंडाकडे बघायचं. कुणी काही विचारलंच तर "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. आपल्याच्यानं गप्प राहवणार नाही म्हणून ती तोंडाशी उशी धरून बसते.

माऊस मला चालवता येतो. नोकरीच्या शेवटी शेवटी स्टँडवर कॉम्प्युटर आले होते. पडद्यावर पहाट होती, चढावरचं गाव होतं आणि मधोमध ती चावीवाली उभी होती. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. बाई हलेना. खिडक्या उघडल्या, माणसं हंडे-बादल्या घेऊन दारात आली, पाणी कधी येणार म्हणून ओरडायला लागली. बाई आपली ढिम्म.

"अगं, हल की," मी तिला म्हटलं. "लोक ताटकळलेत आणि ही बघा, जशी काही पाहुणी आलीय."

मागून चकार शब्द नाही. वळून पाहिलं तर मुंगीनं उशीत तोंड खुपसलेलं आणि डोळे बाहेर यायचे बाकी. माझं डोकं सणकलं. त्या बाईला ढोसावं म्हणून मी तिच्यावरच माऊस दाबला, तशी ती टुणकन पुढे सरकली.

"अगंबाई," मी म्हटलं, "म्हणजे ही मी आहे होय?"

नंतर मुंगीनं कपाळाला हात लावून सांगितलं की जो मधोमध उभा तो आपण, हे गेम खेळणाऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही, आणि म्हणून ते सांगायचं असतं हे ती साफ विसरूनच गेली होती. शिंपीसुद्धा फोनवर गेम खेळतो म्हणे.

एकदा ती बाई मीच हे कळल्यावर मात्र मी सुटले. व्हॉल्व्ह फिरवले, खालच्या गल्लीला पाणी दिलं, मधल्या गल्लीला दिलं. लोक ओरडले की मीही तोंडानं उत्तर देत होते, "येतंय, येतंय, जरा दम धरा." शेवटी एकदाचं ते 'शाबास' उमटलं. बाकी सगळ्यांनी म्हणे इथे 'पुढचा दिवस' दाबलं होतं. माझं लक्ष वर टेकावर गेलं. शेवटच्या गल्लीच्या टोकाला एक एकटं घर होतं, आणि त्याच्या दारात एक म्हातारा बादली घेऊन उभा होता. बादली रिकामी.

"ह्याचं काय?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ह्याला पाणी मिळालेलं नाही. मग शाबास कसली?"

मी तोच दिवस परत सुरू केला. खालचा व्हॉल्व्ह लवकर बंद केला, शिव्या खाल्ल्या, पाणी वर ढकललं. नाही पोचलं. परत केला. मधली गल्ली आधी घेतली. तरी नाही. सूनबाई जेवायला हाक मारून गेली, मग ह्यांनी मारली. मी उठले नाही. तो म्हातारा दर सकाळी त्याच आशेनं दारात येऊन उभा राहायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी मी हात टेकले.

"कसं पोचवायचं ते सांग बाई आता."

मुंगीनं उशी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. "पोचतच नाही, आई. त्या घराला मी नळच दिलेला नाही. तो म्हातारा नुसता शोभेला आहे."

"शोभेला? रिकामी बादली हातात देऊन?" माझा पारा चढला. "रोज पहाटे माणूस दारात येतो, तुझ्या त्या बाईकडे बघतो, आणि तू त्याला शोभेला ठेवलंस? वर शाबास म्हणतेस?"

मला वाटलं, आता ही उलटून बोलेल. पण ती उठली, खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पहिलं काम काय केलं, तर ते 'शाबास' काढून टाकलं. त्या अक्षरांसाठी ती कितीतरी दिवस राबली होती. एकेक अक्षर हातानं काढलं होतं, पाण्यासारखं थरथरणारं.

"अगं, ते कशाला काढलंस? ते चांगलं होतं."

"ते बघूनच माणसं उठून जातात, आई," ती म्हणाली. "तू उठायला तयार नाहीस, कारण तुझं एक घर राहिलंय. बाकीच्यांना मीच सांगत होते की झालं तुमचं काम."

मी आयुष्यात साहेब लोक पुष्कळ पाहिले. स्वतः लावलेली पाटी चुकली तर ती उतरवायला त्यांना वर्ष लागायचं. माझ्या मुलीनं जीव ओतून केलेली गोष्ट एका दमात बाजूला केली, आणि चेहऱ्यावर दुःख नव्हतंच; उलट भूक लागल्यासारखी ती कामाला भिडली. मला तिचा अभिमान वाटला. तोंडानं मात्र मी विचारलं, "मग मला आधीच का नाही बोलावलंस?"

"पहिल्यांदा खेळणारं माणूस एकदाच मिळतं गं. एकदा खेळलं की ते माझ्या कामाचं संपलं. तू शेवटची उरली होतीस. तुला राखून ठेवलं होतं."

मी उठले आणि तिचं ताट वाढून मागच्या खोलीतच आणून दिलं.

रविवारी घरात दुसरा विषय नव्हता. टेकावरच्या घराला नळ आला, पण पाणी तिथे सहजी चढणार नव्हतं. खालच्या गल्ल्यांना रोज थोडं थोडं राजी करायचं, त्यांनी आपली तोटी लवकर बंद करायची, तेव्हा कुठे पुष्कळ दिवसांनी वर धार जाणार. आता सगळा गेमच त्या घराकडे निघाला होता. ह्यांना पुन्हा न्हाणीघरात उभं केलं गेलं. कोरड्या बादलीत पहिली धार पडते तेव्हाचा आवाज वेगळा असतो म्हणे, तो तिच्याकडे नव्हता. बादली पुसून कोरडी करायचं काम माझ्याकडे होतं.

सोमवारी साहेबांचा फोन आला तेव्हा तिचा मोबाइल माझ्यापाशी ओट्यावर होता. मी तो घेऊन मागच्या खोलीच्या दारात गेले आणि नाव दाखवलं. मुंगीच्या कानांवर हेडफोन होते. तिनं मान हलवली, नाही म्हणून. पण मग ती माझ्याकडे बघत राहिली. नोकरी घे, नोकरी घे म्हणून मीच तर तिला भंडावून सोडलं होतं.

मी फोन कानाला लावला. "साहेब, मी तिची आई बोलतेय. ती नाही म्हणतेय."

साहेब भला माणूस. "तुम्ही तरी समजवा ना तिला," ते म्हणाले. "तुम्हाला तरी पटतंय का हे?"

"परवापर्यंत पटत नव्हतं."

"म्हणजे तिचा गेम चालेल असं वाटतं तुम्हाला?"

जे ठाऊक नाही ते चौकशीच्या खिडकीतून कधी सांगितलं नाही मी कुणाला. "चालेल की नाही ते मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. आवाज खणखणीत काढला, हेडफोनच्या आतपर्यंत जावा असा. "तिला आत्ता फोन देता येणार नाही, साहेब. ती कामावर आहे."