पंचनाम्यात न लिहिलेली सुतळी

पोलिसाच्या नोकरीत पंचनामे ढिगानं लिहिले. त्यातला एक अपुरा होता, आणि तो माझा होता. म्हणूनच ती घटना विसरता येत नाही.

खबर पक्की होती. दोन तरुण नेरळहून टॅक्सीनं दस्तुरीला उतरणार, निळ्या बॅगेत चरस. स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना लेखी कळवलं, दोन पंच घेतले आणि साध्या वेशात उभे राहिलो. दस्तुरीपुढे माथेरानात गाडी जात नाही. सामान घोड्यावर, नाहीतर हमालाच्या डोक्यावर. निळी बॅग आली ती पन्नाशीच्या एका हमाल बाईच्या डोक्यावर. मागून येणारे तरुण आम्हाला ओळखून जंगलात पसार झाले. बॅगेत चरस निघाला. वजन एवढं, की शिक्षा किमान दहा वर्षं.

"पाहुण्याची बॅग हाय. आत काय हाय मला म्हाईत नाय," बाईचं एकच पालुपद.

हे ऐकून माझे कान किटले होते. शिवाय कायदा माझ्या बाजूनं होता. अमली पदार्थ ताब्यात सापडला, की त्या माणसाला ते माहीत होतं असं कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं हे आरोपीनं सिद्ध करायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं ते कसं करायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. तिला अटक केली. खरं सांगतो, माल सापडल्याचा आनंद होता.

दुसऱ्या दिवशी महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी दरडावलं, "वाटेत उघडून बघितली असशील ना?"

"कशी बगनार? चेनीला सुतळी बांधलेली व्हती."

"कसली सुतळी?"

"आमी बाया बांधतो, पाहुण्याच्या समोर. मागं एकीवर घड्याळ चोरल्याचा आळ आला, तवापासून. खोलीवर पाहुणाच गाठ सोडतो. तुमीच कापायला लावलीत की, सायेब."

'काप रे' असं मीच शिपायाला म्हणालो होतो. बॅगेचा रंग, मालाचं वजन, सीलचा नमुना, सगळं पंचनाम्यात होतं. सुतळी नव्हती. तिचे तुकडे दस्तुरीच्या मातीत गेले होते.

पंचांना वेगवेगळं बोलावलं. गाठ दोघांनाही आठवत होती. वरिष्ठ मात्र वैतागले. "स्वतःच्या पंचनाम्यात त्रुटी आहे असं लिहून देणार? वकिलाच्या हाती आयतं कोलीत!" निवृत्ती जवळ आली होती, भीती वाटली. तरी पंचांचे पुरवणी जबाब नोंदवले आणि माझी चूक अहवालात लिहिली. पुढे बाई बॅग ज्या हॉटेलवर नेत होती, तिथल्या बुकिंगवरच्या मोबाइल नंबरवरून ते दोघे खोपोलीत सापडले. एकजण म्हणाला, "हमाल बाईचं ओझं कोण तपासतो?"

बाई सुटली, पण तीन आठवडे तुरुंगात काढून. हाताखालच्या पोरांना मी नंतर एकच सांगत राहिलो: माल कुठं पळून जात नाही, बॅग उघडण्याआधी ती कशी होती ते लिहा.

सुटल्यावर स्वतःचा जप्त केलेला मोबाइल न्यायला ती पोलीस ठाण्यात आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"सायेब, आता उचलायच्या आधी बॅग उघडून बगू काय?"

"तुम्ही नका उघडू, मावशी. पाहुण्यालाच उघडून दाखवायला सांगा."

"सांगितलं तर तो दुसरी हमाल बघील," ती म्हणाली आणि निघाली.