कोर्टाला सुतक न्हाय

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिरडं सोलणं. संध्याकाळी ओटीवर बसलो होतो, मधे मोड आलेल्या वालाची परात. तिच्या चिमटीतून दाणा सुळकन निघायचा. माझा उडून अंगणात जायचा.

"कोंबड्यांना जेवायला घालताय काय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या वकिलाकडं जाऊन या. अपील घालायचं हाय ना?"

घरामागच्या जागेचा निकाल माझ्या चुलतभावाच्या बाजूने लागला होता. त्या जागेत तिचा शेवगा, तिची भेंडी आणि आमची विहीर. ती जागा गेली तर मागच्या दारातून पाय टाकायला जागा नाही.

"जातो," मी म्हणालो.

सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि गॅसपाशीच खाली बसली. परत उठली नाही.

खांदा द्यायला चुलतभाऊ सगळ्यांच्या आधी आला. आमचं बोलणं कधीचंच बंद. पण भावकी एक, म्हणून सुतक त्यालाही आणि मलाही. त्याने मुंडण केलं. दहाव्याला माझ्या शेजारी बसला. आमच्यात भावकीतलं कोणी गेलं की महिन्याचं मासिक श्राद्ध होईपर्यंत कज्ज्याची गोष्ट काढत नाहीत. ज्याच्याशी भांडण तोच बाजूला बसलेला, काढणार कशी? मला वाटलं, दोन्हीकडची माणसं थांबली म्हणजे कोर्टातलंही थांबलं. शाळा चौथीपर्यंत, डोकं तेवढंच.

मासिक झाल्यावर आमच्या कोन गावाहून रिक्षाने धामणकर नाक्याला वकिलाकडे गेलो. वकील ओरडलाच.

"काका, मुदत संपली! कोर्टाला सुतक नसतं!"

आता आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज. तो मंजूर झाला तरच अपील, नाहीतर जागा गेली. अर्जात त्याने लिहिलं, की मी आजाराने अंथरुणाला खिळलो होतो.

"खोटं हाय," मी म्हणालो. "मी धडधाकट होतो. दुखवट्यात बसलो होतो, तेच लिही."

"टिकणार नाही, काका."

"मग पडू दे. तिच्या मरणावर माझा ताप नको चढवू."

मी म्हणालो तसाच अर्ज कोर्टात गेला आणि माझं घरात बसणं संपलं. पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्यातून पुढे. भेंडी झाडावरच जून झाली. तोडायला हात जाईना, की ही आता कोणाची म्हणून तोडू?

तारीख ठाण्याला लागली. चुलतभावाचा वकील उभा राहिला. "बायको वारली, वाईट झालं. पण सुतक तेराव्याला संपलं. पुढं हे गृहस्थ काय करत होते? हा नुसता बहाणा आहे, साहेब."

"बहाणा?" मी बाकावरूनच ओरडलो. "तुमच्या माणसाला विचारा!"

माझ्या वकिलाने माझी बाही ओढली. जजसाहेबांनी चुलतभावाकडे बघितलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"चुलतभाऊ."

"मग हे सांगतात तो रिवाज खरा आहे?"

त्याने डोक्यावरून हात फिरवला. केस अजून आखूडच होते. "खरा हाय, साहेब. वहिनी होती माझी. मासिक होईपर्यंत आम्ही पण गप्प होतो."

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. साहेबांनी उशीर माफ केला.

बाहेर आल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "जागा माझीच हाय. सोडणार न्हाय."

"मी तरी कुठं सोडतोय?"

"वहिनीच्या नावानं खोटं बोलवत न्हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच निघालो. शेअर रिक्षात तो आधीच बसलेला.

"एवढ्या सकाळी कुठं?"

"वकिलाकडं."

"मी पण. सरकतो, बस."

नाक्यापर्यंत गुडघ्याला गुडघा लागत होता. उतरल्यावर तो त्याच्या वकिलाकडे वळला, मी माझ्या. शटर अजून बंद होतं. मी पायरीवर बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो आणि परत बसलो.