रेफरन्समधल्या बाई

असले अनुभव वाचताना मी आधी खालच्या कमेंट बघतो, कोणी खोटं पकडलंय का ते. स्वभावच तसा आहे. मी क्वालिटीत काम करतो — म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. घरीही हेच चालतं, बायको वैतागते. अंगात येणं, दृष्ट लागणं, भूत… कशावर काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर भूत हा शब्द मला आजही या गोष्टीला लावायचा नाही. जसं झालं तसं लिहितो. नावं तेवढी बदलली आहेत.

तेव्हा शहराच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, जायकवाडी तळाला लागलेलं, आणि आमच्या मुकुंदवाडीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही धड तासभर नाही. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात बीड बायपासला एकामागून एक बिल्डिंगा उठत होत्या. माणसाला प्यायला नाही आणि स्लॅबवर मारायला टँकर, असा सगळा कारभार.

मी वाळूजला एका प्लेटिंगच्या, म्हणजे पार्टवर मुलामा चढवायच्या, कंपनीत होतो, कंत्राटावर. कारखान्यांचं पाणी कापलं, एक शिफ्ट बंद झाली आणि आम्हा कंत्राटी लोकांना घरी बसवलं. माझी बायको अर्चना तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, सोयगावला. सासऱ्यांचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. अतिशय सज्जन माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. नोकरी गेल्याचं कळल्यावर त्यांचा फोन आला.

"जावईबापू, राग मानू नका. लेकरू आलं की त्याला पाणी लागंल, दवाखाना लागंल. तिथं नळ नाय, नोकरी नाय. तुमची नोकरी लागस्तोवर अर्चना हिथंच राहू द्या. नायतर तुम्हीच या की हिकडं, दुकानात बसा."

ते बरोबरच बोलत होते, म्हणून जास्त लागलं. मला सासऱ्यांच्या गल्ल्यामागे बसायचं नव्हतं. माझी बायको आणि माझं मूल माझ्या घरात हवं होतं, आणि त्याला नोकरीशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा — तिन्ही एमआयडीसींतल्या नोकऱ्यांचे फोनवर ग्रुप होते. कोणी "क्यूसी पाहिजे, डिप्लोमा, उद्या नऊला गेटवर" असं टाकलं की खाली दोन मिनिटांत "इंटरेस्टेड, इंटरेस्टेड" अशी रांग लागायची आणि जो तो आपला बायोडाटा चिकटवायचा. मग ते बायोडाटे या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहायचे. एकदा सुटला की परत बोलावता येत नाही. मी सकाळी दात घासताना ग्रुप बघायचो, जेवताना बघायचो, पाण्याच्या रांगेत हंडा पायाने सरकवत बघायचो. चार्जिंगला लावला तरी भिंतीला टेकून उभं राहून बघायचो. बूड टेकायला जीव होत नव्हता.

बायोडाटा केला होता आमच्या चौकातल्या इरफानभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथली पद्धत अशी — नवीन काही टाइप करायचं नाही. आधीच्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाची फाईल उघडायची, त्यात नाव, शिक्षण, फोटो बदलायचा आणि प्रिंट मारायची. मी नाव तपासलं, मार्क तपासले, स्पेलिंगं तपासली. दुसऱ्या पानावर तळाशी दोनच ओळी होत्या, त्या वाचल्या नाहीत. क्वालिटीवाला माणूस, आणि शेवटचं पान न बघता माल सोडून दिला.

पंधरा-वीस दिवसांनी चिकलठाण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. मुलाखत चांगली झाली. शेवटी एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सकाळी तुमच्या रेफरन्सशी बोलले मी. शकुंतलाबाई. खूप आपुलकीने बोलल्या तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, "कोण शकुंतलाबाई?"

त्यांनी दुसरं पान माझ्यापुढे सरकवलं. तळाशी "रेफरन्स", त्याखाली शकुंतलाबाईंचं नाव आणि एक नंबर. मी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

"म्हणाल्या, मुलगा कामाला चोख आहे, पण त्याला एकदा त्या लॉटच्या सहीबद्दल विचारा. कुठली सही?"

मी म्हटलं, "काही कल्पना नाही मॅडम." त्यांनी फाईल मिटली आणि "आम्ही कळवतो" म्हणाल्या. कळवलं नाहीच.

ती सही काय होती ते आता सांगितलंच पाहिजे. प्लेटिंग झाल्यावर पार्ट स्वच्छ पाण्यात धुवावे लागतात. पाणी कापल्यापासून टाकीतलं तेच घाण पाणी पुन्हा पुन्हा वापरत होते. एका लॉटचा, म्हणजे एका खेपेच्या मालाचा, मुलामा नखाने खरवडला तरी निघत होता. मी स्वतः खरवडून पाहिला. सुपरवायझर म्हणाला, गाडी उभी आहे, सही कर. मी ओकेची सही केली. माल परत आला तेव्हा ठपका आला टाकीवरच्या ऑपरेटरवर, कडूबामामांवर — म्हणे त्यांनी नंतर पार्ट नीट धुतले नाहीत, हलगर्जीपणा केला. त्यांना काढलं. मी तिथंच, चार हातांवर उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. हे मी अर्चनालाही सांगितलं नव्हतं. मग या शकुंतलाबाईंना कोणी सांगितलं?

मी तसाच इरफानभाईकडे गेलो. तो हसायला लागला. "अरे भाई, किसी और का फाईल था, उसमें तुमारा नाम डाल दिया. नीचे का कौन पढता? कायकू टेन्शन लेते."

"पण फाईल कोणाची होती?"

"रोज कितने आते, मेरे कू क्या याद."

तिथंच उभं राहून मी तो नंबर लावायला घेतला. लागेना. पुन्हा लावला. मग पेनाचं टोक एकेका आकड्यावर ठेवून मोजलं… नऊ. मोबाईलचा नंबर दहा आकडी असतो, हा नऊच आकड्यांचा होता. टाइप करताना एक आकडा गळला असणार, इथपर्यंत ठीक आहे. पण मग बोललं कोण?

मी मॅडमना फोन केला, जरा मोजून बघता का म्हटलं. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "नऊच आहेत. पण मी याच नंबरवर बोलले. कागदावर बोट ठेवून लावला होता, टेबलावरच्या फोनवरून." आणि वर, "प्लीज, मला पुन्हा फोन करू नका." त्यांच्या आवाजातली भीती ऐकून मला जास्त भीती वाटली.

मी त्या दोन ओळी काढून नवीन बायोडाटा टाकला. पण जुना ग्रुपवर फिरतच होता. आठवड्याने पैठण रोडच्या एका कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला, इंटरव्ह्यू नाही, काही नाही, थेट प्रश्न — "तुमच्या रेफरन्सच्या बाई कुठल्या लॉटचं म्हणत होत्या?" मी फोन कट केला.

त्याच दिवसांत मुलगी झाली. एक दिवस सोयगावला जाऊन पाहून आलो. सासऱ्यांनी पेढ्याचा पुडा पुढे केला, नोकरीचं अवाक्षर काढलं नाही. अर्चनाने विचारलं, "कुठं जमतंय का हो?" मी म्हटलं, चालू आहे. परत आल्यावर दुपारभर खोलीत येरझाऱ्या घालायचो. फोन वाजला की दचकायचो आणि नाही वाजला की पुन्हा पुन्हा उचलून बघायचो. आधी नोकरी मिळत नाही म्हणून तळमळत होतो, आता कोणी बोलावलं तर पुन्हा त्या बाई काय सांगतील या धास्तीने.

डोकं लावलं. त्या लॉटचं माहीत असणारी माणसं तीन — मी, सुपरवायझर आणि फार तर कडूबामामा. म्हणजे या बाई मामांच्या घरातल्या असणार, सूड उगवतायत. नऊ आकड्यांचं कोडं त्याने सुटत नव्हतं, पण तेवढा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मामा देवगाव रंगारीला, आपल्या गावी परतले होते. नंबर माझ्याकडे होताच. तो लावायला मात्र दोन दिवस गेले.

"मामा, मी प्रकाश. क्यूसीवाला."

"व्हय साहेब, बोला की."

"मामा, तुमच्या घरून माझ्याबद्दल कोणी कुणाशी फोनवर बोललं का? मामी वगैरे…"

"तिला कमी ऐकू येतंय साहेब, ती फोन नाय धरत. का बरं?"

इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला पुढचं आवरलंच नाही. "मामा, त्या दिवशी मुलामा निघत होता. मला दिसलं होतं. तरी मी सही केली. ठपका तुमच्यावर आला आणि मी गप्प बसलो."

पलीकडे कुठं तरी शेळी ओरडत होती. मामा म्हणाले, "मला ठाव व्हतं की. तुम्ही नखानं खरवडून पाह्यलं तवा मी मागंच उभा व्हतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरी पोटुशी हाय असं पोरं म्हणत व्हती. म्हटलं, जाऊ द्या."

मी रडलो. चांगला हमसून रडलो. मामाच मला समजावत होते, "नाय साहेब, आसं नाय करायचं."

त्यानंतर शेंद्र्याहून बोलावणं आलं. या वेळी मी ठरवूनच गेलो होतो. समोर प्लांटचे प्रमुख, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत मी म्हटलं, "सर, आधी एक सांगायचंय. मागच्या कंपनीत मी खराब लॉटवर ओकेची सही केली आणि त्यात दुसऱ्याची नोकरी गेली." सगळं सांगितलं, मामांच्या नावासकट.

ते ऐकत राहिले. मग फाईलमधून माझा जुना बायोडाटा काढला — दुसरं पान वर, नंबरभोवती पेन्सिलने गोल. "तुमच्या बाईंशी काल बोललो," ते म्हणाले. "मी विचारलं, माणूस कसा आहे? म्हणाल्या, तो आल्या आल्या एक गोष्ट स्वतःहून सांगेल. नाही सांगितली तर घेऊ नका." आणि नेमणुकीची ऑर्डर हातात देऊन मला सोमवारी जॉइन व्हायला सांगितलं.

मी त्यांना आकडे मोजा म्हटलं नाही. हिंमत झाली नाही. मामांना तिथं बोलवायची परवानगी मात्र घेतली. मामा आले नाहीत. "आता नाय जमायचं साहेब, पाठ धरती," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सोयगावला निघालो. कोणालाही कळवलं नव्हतं, ऑर्डर हातात घेऊनच सासऱ्यांसमोर उभं राहायचं होतं. दुपारी पोचलो तर अर्चना ओसरीत बसलेली. शेजारी भरलेली बॅग. पोरीला काजळ-टोपडं घालून तयार केलेलं.

"आलात? बाबा तुमच्यासाठी जेवायचे थांबलेत," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं मी येतोय म्हणून?"

"सकाळी दुकानातल्या फोनवर एका बाईंचा फोन आला होता की. बाबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, त्यांना नोकरी लागली, आज न्यायला येतायत, आवरून बस."

सासरे आतून आले. "तुमच्या हापिसातल्या का त्या? लई मायेनं बोलल्या."

मी उंबऱ्यावरच बसलो. अर्चना जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आणि म्हणाल्या, ते तुला काहीतरी सांगतील. पूर्ण ऐकून घे. काय हो, काय झालंय?"

पळता आलं असतं. ऑर्डर दाखवली असती, जेवलो असतो, बॅग उचलली असती, विषय संपला असता. पण मी सांगितलं, सासऱ्यांसमोरच. लॉट, सही, मामा, मामांनी कोणासाठी तोंड बंद ठेवलं ते. अर्चना खाली बघत होती. सासऱ्यांनी एकदा खाकरल्यासारखं केलं. मग अर्चना उठली, पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "धरा हिला. मी पानं घेते." संध्याकाळी आम्ही तिघं आमच्या घरी होतो. नळाला पाणी नव्हतं.

खुलासा माझ्याकडे नाही. दुकानातला फोन जुना, नंबर न दाखवणारा. इरफानभाईने पुढे कॉम्प्युटर बदलला, ती फाईल गेली. तुमच्यापैकी कोणी त्या वर्षी मुकुंदवाडीत बायोडाटा केला असेल आणि त्यात शकुंतलाबाईंचं नाव घातलं असेल, तर त्या कोण आहेत — किंवा होत्या — एवढं मला कळवा. बाकी काही नको.

अर्चना म्हणते, साधा आवाज होता हो, घरातल्या मोठ्या बाईचा असतो तसा. सासरे तेच म्हणतात. शेंद्र्याचे साहेब रिटायर होताना तेच म्हणाले. सगळ्यांनी तो आवाज ऐकला, माझ्याशी मात्र त्या एकदाही बोलल्या नाहीत. म्हणून अनोळखी नंबर आला की मी अजूनही पहिल्याच रिंगला उचलतो. बहुतेक वेळा कर्ज हवंय का विचारणारी एखादी मुलगी असते. मी तिचं सगळं ऐकून घेतो आणि मगच ठेवतो.