कोलंबो ते सिंगापूर, आठ तास

मालूची पत्रं येईनाशी झाली, तेव्हा मी सिंगापूरला जायचं ठरवलं. दुसऱ्यांदा तिला दिवस राहून वाया गेले होते. थोरला श्रीधर कोलंबोला नोकरीला, धाकटी मालू सिंगापूरला. दोन्ही मुलं बेटांवर आणि मी चिंचवडला एकटी.

चिखलीहून दूध घालायला येणाऱ्या सखूबाईनं विचारलं, "लई लांब हाय का वो लेकीचं घर?"

"कोलंबोहून सतराशे मैल. विमानानं आठेक तास."

"आठच? माझी लेक चाकणच्या पल्याड दिलीया. बैलगाडीनं मलाबी तेवढंच लागत्यात. उगा त्वांड उतरवू नका."

चिंचवडहून आगगाडीनं मद्रास, मग धनुष्कोडीहून बोट. श्रीधरकडे दोन दिवस टेकले. विमानाचं तिकीट त्यानंच काढलं. जाणाऱ्यांनी देवी आणि पटकीच्या लशीचे दाखले हाताशी ठेवावेत. कानांत घालायला कापूस न्यावा, पंख्यांचा आवाज फार. शाकाहाराचं आधीच कळवावं. मी कळवलं नव्हतं, म्हणून सुनेच्या दशम्यांवर भागवलं. खिडकीतून खाली नुसतं पाणी दिसत होतं. शेजारचे गृहस्थ झोपून गेले. बोलायला कुणी नव्हतं.

उतरण्याआधी मी पोटभर पाणी पिऊन घेतलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नन्सच्या शाळेत शिकले तरी ती सुटली नव्हती. माझी आईसुद्धा माझ्याकडे यायची ती फिरकीचा तांब्या भरून घेऊनच.

सिंगापूरचं घड्याळ दोन तास पुढे, आणि उकाडा असा की घशाला कोरड पडते. घरी पोचताच मालूनं पाण्याचा पेला समोर ठेवला.

"खालच्या शेजाऱ्यांकडे पिईन गं."

"चार जिने उतरून?"

"रीत आहे, मालू."

ती हसली. फार वाळली होती. "आणि मूल झालंच नाही तर? दर वेळी एवढ्या लांबून येऊन तहानलेलीच राहणार?"

जावई खिडकीबाहेर पाहू लागले. मी पेला उचलला आणि प्यायले. दुसरा तिनं न विचारताच भरला.

महिनाभरानं परत आले. सखूबाई माप घेऊन दाराशी उभी. "लेकीकडं पानी न्हाई ना प्यालात?"

"प्यायले."

माप तसंच हातात राहिलं. "म्या अजून न्हाई," ती म्हणाली. "लेकीच्या लगनाला आठ वर्सं झाली, पोर न्हाई. दर बाजाराला तिच्याकडं जाती. तिच्या गावाआदी हीर लागती, तितं पिऊन घेती."

दूध घालून ती गेली.

आज ती आली नाही. तिची गाडी चाकणकडे गेली आहे. दुधाचं रिकामं पातेलं सकाळपासून दाराशीच आहे. ती विहिरीपाशी थांबली असेल की तशीच पुढं गेली असेल, एवढंच मनात घोळतं आहे.