खंडोबाला न विचारता सोडलेलं दूध

समस्त भाविक, शेजारणी आणि माझ्या आजारपणात गुपचूप रडून गेलेले नातेवाईक यांना कळवण्यात येते की ही बाई जिवंत आहे, आणि तिला एकदा मेंढीसारखं तपासण्यात आलं आहे. विषय अत्यंत गंभीर आहे. तरी हसू आलं तर दाबून ठेवू नका. मी दाबलं होतं, फार त्रास होतो.

माझ्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून तीन वर्षं होत आली होती. अधूनमधून रक्त द्यायचं आणि त्यातला ट्यूमर मार्कर नावाचा एक आकडा बघायचा, एवढंच उरलं होतं. आकडा खाली असला की मी शहागंजच्या बाजारातून बांगड्या भरून घरी यायचे. त्या दुष्काळी उन्हाळ्यात तो वर गेला. डॉक्टर म्हणाले, "एका आकड्यावरून निकाल लागत नसतो. तो इतर कारणांनीही वाढतो. स्कॅन करू, मग बोलू." पण मी ऐकलं ते एवढंच, की आजार परत आला.

त्या भीतीत रागही होता. उपचार संपले तेव्हा आमच्या शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबासमोर मी मनातल्या मनात बोलले होते, "हा आकडा खाली ठेव, मी जन्मभर दूध सोडते." दूध म्हणजे दही, ताक, तूप, चहातला थेंबसुद्धा. मटण-अंडं आमच्या माळकरी घरात नव्हतंच. नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं अशी माझी समजूत, म्हणून घरात पित्ताचं निमित्त सांगितलं आणि डॉक्टरांना तर काहीच नाही. तीन वर्षं काळा चहा पिऊन मी देवाकडे घेणेकऱ्यासारखी बघायचे. आता देव्हाऱ्यासमोर उभी राहून भांडायला लागले, "मी माझं पाळलं. तुझं काय?"

स्कॅनच्या आदल्या दिवशी मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत टँकर आला. चहूकडे नव्या इमारती उठल्या होत्या. इमारतींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. रांगेत माझ्यामागे करमाडकडची एक धनगरीण होती. चारा संपल्यावर घरच्यांनी मेंढरं विकली, म्हणून ती समोरच्या बांधकामावर विटा वाहायला आली होती. मी भरलेली घागर उचलली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. तिने मला धरलं आणि परवानगी वगैरे न मागता माझी खालची पापणी ओढून आत बघितलं.

"पार पांढरी पडलीस की माय. पायाला मुंग्या येत्यात का?"

"येतात. पण मला मोठा आजार आहे."

"असंल. मेंढी अशी दिसली की आमी आधी इचारतो, हिनं खाल्लं काय. तू काय खातीस?"

जे तीन वर्षं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते मी टँकरच्या रांगेत सांगून टाकलं. तिला हसू आवरेना.

"खंडोबासाठी दूध सोडलं? अगं, त्याची बाणाई आमच्या धनगराची लेक. आमच्या जावयाला दुधाचं वावडं कशाला असंल? त्यानं मागितलं व्हतं का?"

मागितलं नव्हतं. मीच परस्पर ठरवून मोकळी झाले होते.

आठवड्याने सासूबाईंबरोबर डॉक्टरांकडे गेले. स्कॅन स्वच्छ होता. "मग आकडा का वाढला?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मी खाली मान घालून नवसापासून मेंढीपर्यंत सगळं सांगितलं. "म्हंजी ते पित्त नव्हतंच व्हय?" सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर मात्र उठले आणि त्यांनीही माझी पापणी ओढली. तपासणीत रक्त फार कमी निघालं, बी-बारा तर जवळजवळ संपलेलंच. मटण-अंडं न खाणाऱ्याला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. त्या कमतरतेनेही हा आकडा कधी कधी वाढतो, ते म्हणाले. पण इंजेक्शनं घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघितल्याशिवाय ते खात्री देणार नव्हते.

ते तीन महिने मी देवाकडे काही मागितलं नाही आणि काही देऊही केलं नाही. नुसती समोर बसायचे. भीती होतीच, पण देवाशी घासाघीस थांबली. तीन महिन्यांनी आकडा खाली आला.

पुढच्या खेपेला काय येईल, मला ठाऊक नाही. रक्त देत राहते, आणि दूध पिते. बांधकाम संपून ती माणसं निघून गेली. त्या धनगरणीचं नावही मी विचारलं नव्हतं. ती साधी बाई होती की देवाने धाडलेली, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. एवढं कळलं, की ज्याला मी समर्पण समजत होते तो सौदा होता, आणि समोरच्याने त्याला कधी हो म्हटलंच नव्हतं.

आकडा खाली आला त्याच आठवड्यात आम्ही साताऱ्याला गेलो. भंडारा उधळला, हात जोडले, डोळे भरून आले आणि तोंडातून सवयीने निघालं, "देवा, आता मी..." तेवढ्यात मागे उभ्या सासूबाई अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खंडोबाराया, हिचं काय बी ऐकू नको. पुन्यांदा काही सोडते म्हणली तर आधी डाक्टरची चिठ्ठी माग."