बापूंचे नऊ किलो

माणूस व्यायामाला लागला, की त्याचं वजन कमी व्हायच्या आत किश्शांचं वाढतं. आमचे बापू तीन महिने व्यायाम करत होते. मला दहा वर्षं पुरेल एवढा माल मिळाला!

बापू एसटीचे ड्रायव्हर. केडगावात पुणे रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या शेजारच्या टपरीवर आमचा सकाळचा चहा. यंदा तपासणीत डॉक्टरांनी बापूंना वजनकाट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो! बीपीही वर. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत पंच्याऐंशीच्या आत या. नाहीतर गाडी बंद, डेपोत टेबलावर बसा."

हे सांगताना बापूंचा चहा हातातच गार झाला. "सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. आता मी फायली धरू?"

मग प्रश्न एकच उरला. जिम लावायची, की घरीच जिम करायची?

बनसोडे सर हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांनी माझ्याच दुकानातला कागद ओढला. जिमची वर्षाची फी नऊ हजार. घरी जुनी ट्रेडमिल, डंबेल्स आणि बेंच मिळून अठरा हजार.

"म्हणजे दोन वर्षांत घरची जिम वसूल. तिसऱ्या वर्षापासून व्यायाम फुकट!"

बापूंनी कागद नीट बघितला. "सर, यात मी रोज व्यायाम करतो, असं धरलंय का?"

"ते धरावंच लागतं बापू. नाहीतर दोन्ही महागच आहेत!"

* * *

सगळ्यात स्वस्त जिम म्हणजे फुकटची, हे मी सुचवलं. केडगाव ते नगर एवढ्या रस्त्यात तीन जिम, आणि तिन्हीकडं तीन दिवसांची ट्रायल फ्री!

पहिल्या जिममध्ये मी सोबत गेलो. चारी भिंतींना आरसे. बापू सायकलवर बसले, पायडल मारायला लागले आणि सवयीनं उजवीकडच्या आरशात बघू लागले. पाच मिनिटांनी मला हळूच म्हणाले, "मागं एक जाडा माणूस लई वेळ झाला साइड मागतोय. द्यावी का?"

द्या म्हटलं!

तिसऱ्या जिममध्ये गेलो तर समोर पहिल्याच जिमचा ट्रेनर. त्यानं नोकरी बदलली होती. बापूंना बघून तो म्हणाला, "काका, मेंबर कधी होणार? का ट्रायलचेच पैलवान राहणार?"

* * *

मग घरची जिम. मोबाईलवर जाहिरात बघून बापूंनी जुनी ट्रेडमिल आणली. ड्रायव्हरच ते; रोजचे किलोमीटर भिंतीवर खडूनं लिहायला लागले. मी आणि आमच्या चहातले शकीलभाई बघायला गेलो, तेव्हा बापू घामानं निथळत होते.

शकीलभाईंनी विचारलं, "बापू, आजपर्यंत किती झालं?"

"बावीस किलोमीटर!"

आतून वहिनींचा आवाज आला, "आन् अजून केडगावातच हायेत! पाटी रंगवून आना की भाई. 'केडगाव ते केडगाव, विनाथांबा!'"

एवढ्यात लाईट गेली. ट्रेडमिल थांबली, बापू पुढच्या दांड्यावर आदळले.

"घ्या," वहिनी म्हणाल्या, "थांबा आला!"

* * *

शकीलभाईंचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. दोस्तीखात्यात बेंच करून द्यायचं त्यांनी कबूल केलं. मापात चूक नको म्हणून मशीन घेऊन बापूंच्या घरीच आले आणि मागच्या खोलीत बसून बेंच जोडला. हत्ती झोपला तरी हलणार नाही असा!

दुसऱ्या दिवशी वहिनींनी फर्मान काढलं, खोली मोकळी करा, बेंच अंगणात न्या. उभा करून झाला, आडवा करून झाला, तिरका करून झाला. दारातून निघेना.

बापूंनी फोन लावला. "भाई, बेंच भायेर निघंना की!"

शकीलभाई शांतपणे म्हणाले, "बापू, मी मजबुतीची गॅरंटी दिली होती. बाहेर काढायची नाही."

शेवटी चौकट काढली, परत बसवली. सरांनी कागदावर गवंडी वाढवला आणि जाहीर केलं, "घरची जिम आता तीन वर्षांत वसूल!"

* * *

जिममध्ये वजनकाटा असतो, घरी नव्हता. तेवढ्यासाठी खर्च नको म्हणून बापू दर रविवारी पोपटशेठच्या किराणा दुकानात जायचे. शेठ आमच्या चहातलेच. पोती मोजून विकायचा त्यांचा मोठा काटा, त्यावर बापू उभे राहायचे.

पहिल्या रविवारी काटा म्हणाला, अठ्ठ्याण्णव! आठवडाभर व्यायाम करून चार किलो वाढले!

"मसल असतील," सर म्हणाले.

बापू हादरले. भात सोडला, चहातली साखर सोडली, ड्युटीला पायी जायला लागले. पण काटा पंच्याऐंशीच्या जवळ येईना. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यावर आकडा आला नव्वद. डेपोत जाऊन बापूंनी आपली गाडी स्वतः धुतली. धुवायचं काम त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते माझ्या दुकानात पळत आले. पळत! हातात फिटचा कागद, मागं वहिनी.

"चौऱ्याऐंशी भरलं! डॉक्टरनं दोनदा मोजलं!"

आम्ही सगळे बापूंना घेऊन शेठच्या दुकानात गेलो. शेठनी पेढ्यांचा बॉक्स फोडला. बापूंच्या पाठीवर थापा पडत होत्या. सर तेवढे कागदावर नव्वद आणि चौऱ्याऐंशी एकाखाली एक लिहून बघत होते.

वहिनींनी पेढा हातातच धरला होता. म्हणाल्या, "शेठ, आमचा वर्साचा गहू याच काट्यावर मोजला हुता न्हवं?"

शेठ फडक्यानं काटा पुसत म्हणाले,

"वहिनी, बापू फिट झाले, यातच सगळं आलं!"