रेडिओला उलट उत्तर

परभणीत आम्ही शाळकरी पोरांनी रेडिओ चालवला, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. हसू द्या. निजामी होती. दहा माणसं जमवून बोलायचं म्हटलं की तहसिलीतून परवानगी काढा, व्याख्यानाला परवानगी, नाटकाला परवानगी, आणि ती मिळाली तरी पुढच्या रांगेत पोलिसाचा एक जवान बसून आपण काय बोलतो ते टिपून घेणार. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. डोक्यात नुसता भुंगा. वर्गात उर्दूतून इतिहास शिकायचा, बाहेर येऊन मराठीतून त्यावर भांडायचं, आणि भांडायला जागा नाही.

तोड काढली ती माझ्या वर्गातल्या वकिलाच्या मुलाने. त्याच्या घरी रेडिओ होता. त्याचा परवाना जिवंत होता, रेडिओ मेला होता. जर्मनीच्या लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून ते लाकडी खोकं बैठकीत नुसतं शोभेला ठेवलेलं. तो म्हणाला, "घरात बसून रेडिओ ऐकायला कोण परवानगी मागतंय?" झालं. बैठकीच्या मागे सरकीची पोती ठेवायची एक खोली होती. मधल्या बंद दाराची एक फळी आम्ही काढली, तिथे जुन्या ग्रामोफोनचा कर्णा बसवला आणि पुढे टेबलावर ते खोकं ठेवलं. आतल्या खोलीत पोत्यावर बसून कर्ण्यात बोललं की बैठकीतल्या लोकांना खोकं बोलतंय असं वाटे. म्हणजे वाटत कुणालाच नसे. आवाज कुणाचा ते सगळे ओळखायचे. पण ओळखलं असं कुणी म्हणायचं नाही, हा ठराव न बोलता झाला होता. बोलणाऱ्याने मागच्या दाराने यायचं, मागच्या दाराने जायचं. रेडिओला नाव नसतं, तोंड नसतं आणि त्याला कुणी उलट बोलत नाही.

दर शनिवारी दिवेलागणीला आमचा कार्यक्रम लागे. आधी बातम्या, मग देवगिरीच्या यादवांपासून सुरू झालेला आणि कधीच न संपणारा इतिहास, मग आयांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या. ओव्यांसाठी बायका येऊ लागल्या, त्यांच्यासाठी बैठकीच्या एका कडेला चादर बांधली. एक जण सुपात सरकी घोळत बसायचा, तिची खरखर खऱ्या रेडिओसारखी ऐकू येई. पहिल्याच महिन्यात गस्तीचा जवान खिडकीशी आला. "क्या चलरा इधर?" वकिलाचा मुलगा म्हणाला, "रेडिओ है साब." जवानाने खोक्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "अच्छा. गाना कब आता?" आतून एकाने लगेच गाणं धरलं. तेव्हापासून तो दर शनिवारी खिडकीबाहेर सायकलला टेकून उभा राही. वेडा नव्हता तो. त्यालाही शनिवारी संध्याकाळी जायला दुसरी जागा नसावी.

मी बातम्या द्यायचो. खरं म्हणजे मला पोत्यावर बसवत नसे, मी उभ्यानेच कर्ण्यात बोलायचो आणि पाय हलवत राहायचो. नुसत्या बाहेरच्या बातम्या वाचून माझं समाधान होत नव्हतं. बर्लिन पडलं की उभं आहे याचं परभणीला काय? सरकारी दुकानात किडकी ज्वारी मिळायलीय, ती का, हे कोण सांगणार? पण तसलं काही म्हटलं की वकिलाचा मुलगा डोळे वटारायचा. आम्ही निजामाला भीत होतो असं लोकांना वाटे. खरं तर आम्ही जास्त भीत होतो ते वारांना.

वार म्हणजे जेवणाचे वार. मी पालमकडच्या खेड्यातला, घरी कोरडवाहू तुकडा आणि थोडी मेंढरं. बोर्डिंगात जागा मिळाली नाही, म्हणून आमच्या जातभाईंच्या घरी वार लावून जेवायचो. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. बरी घरं पाचच होती, म्हणून उरलेले दोन दिवस हाताने भाकरी थापायचो, आणि ती माझ्यासारख्या भुकेल्यानेच खावी अशी व्हायची. आमच्यातल्या बहुतेकांचं असंच. त्यामुळे इतिहासातला कुठलाही देशमुख फितूर निघाला की आधी बघावं लागे, याच्या वंशात आपल्या कुणाचा सोमवार नाही ना. एकदा एक अख्खी लढाई आम्ही बुधवारच्या घरासाठी गाळली.

माझा गुरुवार एका आडतवाल्याकडे होता. घर भरलेलं, माणूस गोड बोलणारा. सरकारने सक्तीने घ्यायची लेव्हीची ज्वारी वसूल करायला महसुलाचा गिरदावर आला तेव्हा याने हात जोडून, देवाची आण घेऊन सांगितलं होतं की घरात खायला पुरेल एवढीच ज्वारी आहे. ही गोष्ट गल्लीभर झाली होती. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी त्याच्या घरी जेवायला बसलो. घास तोंडाशी नेला आणि वास आला. पेवातल्या ज्वारीचा वास लपत नाही. जमिनीत खड्डा घेऊन, आत कडबा लावून, ज्वारी भरून वरून मातीने बंद करतात ते पेव. वर्षा-दोन वर्षांनी ते उघडलं की ज्वारीला कुबट, आंबूस वास येतो आणि तो भाकरीत उतरतो. आमच्याकडचं लहान पोरही तो ओळखेल. म्हणजे पेव होतं, आणि ते नुकतंच उघडलं होतं.

वाढायला आडतवाल्याची बायको होती. तिला मी काकी म्हणायचो. तिने दुसरी भाकरी टाकली आणि हळूच म्हणाली, "वास यायलाय ना? येऊ दे. खा तू." मग थांबून म्हणाली, "माजा भाऊ आलता जिंतूरकडून. घरात दाणा न्हाई त्याच्या. पोत्याभर मागितली. ह्यांनी सांगितलं, ज्वारी न्हाई. पाव्हणा पाणी पिऊन गेला." एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मला घास गिळवेना, आणि भूक इतकी की तीन भाकरी मात्र खाल्ल्या.

शनिवारी मी बातम्यांत सांगून टाकलं. नाव घेतलं नाही. आपल्या परभणीत सरकारी दुकानापुढे माणसं किड्यांसकट धान्य पदरात घेताहेत, आणि गिरदावरापुढे आण घेणाऱ्या एका घरी परसातलं पेव उघडलं आहे, एवढंच म्हणालो. वकिलाच्या मुलाने सरकीची खरखर वाढवायची खूण केली, पण सूप धरणारा मुलगाच माझ्याकडे आ वासून बघत होता. मला फार बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी आडतवाल्याच्या दारात गेलो तर तो ओट्यावरच बसला होता. म्हणाला, "आज सैपाक न्हाई." मंगळवारचं घर त्याच्या मेहुण्याचं, तेही बंद झालं. रविवारच्यांनी पाहुण्यांचं निमित्त सांगितलं. आता दोन दिवस जेवण, पाच दिवस माझ्या हातच्या भाकरी, आणि त्या थापायला पीठ कुठून आणायचं? मॅट्रिकची परीक्षा महिना-दीड महिन्यावर होती. मी शाळा सुटली की स्टेशनपर्यंत चालत जायचो, तिथून परत यायचो, पुन्हा जायचो. बसलं की पोट आठवायचं. पुस्तक उघडलं की ओळी पुढे सरकायच्या नाहीत. घरी परत जाऊन मेंढरामागे फिरायचं की काय, हा एकच विचार घिरट्या घालायचा. माझ्या बापाने मला शिकायला पाठवलं तेव्हा सगळ्या भावकीशी वैर घेतलं होतं. त्याला जाऊन काय सांगणार, रेडिओवर बोललो म्हणून?

मग वकिलाचा मुलगा निरोप घेऊन आला. आडतवाला त्याच्या वडिलांना भेटून गेला होता. पेवाची गोष्ट गिरदावराच्या कानावर गेली होती आणि आडतवाल्याची झोप उडाली होती. त्याची अट साधी होती. रेडिओने येत्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं की पेवाची बातमी खोटी होती. मग वार चालू. नाहीतर रेडिओच्या मागे कोण बसतं ते तो पोलिसांच्या अमिनाला जाऊन सांगणार. वकिलाचा मुलगा म्हणाला, "एक वाक्य तर आहे. म्हणून टाक. तुझं कुठं नाव आहे त्यात?" त्याचं बरोबर होतं, म्हणूनच त्याचा राग आला. मी त्याला म्हणालो, "तुला रोज घरी भाकरी मिळायलीय, तू शिकव मला." पण शनिवारपर्यंत मी मनाशी ठरवलं की म्हणायचं. उपाशी पोटी शौर्य फार दिवस टिकत नाही.

त्या शनिवारी बैठक खचाखच भरली. आडतवाला स्वतः पुढे लोडाला टेकून बसला होता, दाराच्या फटीतून मला त्याचं पागोटं दिसत होतं. बायकांच्या चादरीआड काकी होती. खिडकीत जवान. मी कर्ण्याला तोंड लावलं. "मागे एका शनिवारी आपण एक बातमी ऐकली. एका घरी पेव उघडल्याची. त्या बातमीबद्दल..." इथे मी थांबलो. शब्द तयार होते, तोंड उघडेना.

तेवढ्यात बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. "ये रेडिओ!"

रेडिओला कुणी हाक मारली नव्हती आजवर. मी फटीला डोळा लावला. काकी चादर सारून पुढे आली होती. पदर डोक्यावर, नजर सरळ खोक्याकडे. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. "तुज्या बातमीत चूक हाय," ती म्हणाली. "एक पेव न्हाई. तीन हायत. मी रोज सारवते त्यांच्यावरून. मलाच ठाव असणार की."

आडतवाला अर्धा उठला आणि तसाच राहिला. पुरुषांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग जो गलका झाला त्यात मला एवढंच दिसत होतं की ती खोक्यापुढे एकटी उभी आहे आणि मी पोत्यांच्या अंधारात लपलोय. माझं डोकं फिरलं. मी मागच्या दाराने वळसा घालून धावत पुढे बैठकीत आलो आणि ओरडून म्हणालो, "बातमी मीच दिली होती! ती खरी आहे!"

गलका एकदम थांबला. सगळ्यांना ते माहीत होतंच, पण आता ते कुणालाच माहीत नाही असं धरता येईना. जवानाने खिडकीतून मान आत घातली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वैताग होता. "अब ये रेडिओ नै रहा बाबू," तो म्हणाला. "अब जलसा होगया." जलसा म्हणजे सभा, आणि तीही परवानगीशिवाय. त्याला आता कळवणं भाग होतं आणि त्याने कळवलं.

सोमवारी शाळेतून माझं नाव कमी झालं. वकिलाने आपल्या मुलाला कसंबसं वाचवलं, खोकं अमिनाच्या कचेरीत गेलं. आडतवाल्याने गिरदावर यायच्या आत पेवं उघडली. ज्वारी गल्लीतल्या लोकांना विकत का होईना मिळाली, आणि एक गाडी जिंतूरकडे गेली असं मला नंतर कळलं. मी पालमच्या वाटेला लागलो होतो. पुढे दोन वर्षं मेंढरं आणि बापाचं गप्प बसणं. मॅट्रिक झालो तो उशिराने, दुसऱ्या गावाहून. त्या दोन वर्षांचं मला काही वाटत नाही असं मी चारचौघांत म्हणतो. ते खोटं आहे. अजून जिवाची तगमग होते.

निजामी गेल्यावर एकदा मानवतच्या स्टेशनावर काकी भेटली. माहेराहून येत होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काकी, माझ्यापायी तुमाला लय त्रास झाला असंल."

"मला कशाचा त्रास? सहा महिने बोलले न्हाईत माज्याशी. घर कसं शांत हुतं." ती हसली. मग तिचा चेहरा बदलला. "पर तुला आत ऱ्हायाला काय झालतं रे?"

"तुमी एकट्या उभ्या होता."

"मी माज्या पायानं उभी ऱ्हायले हुते. मला काय घरातून घालवून देतेत? राबायला कोण हाय त्यांना? पर तुला शाळंतून घालवतेत, हे कळत न्हवतं का मला? तुला खोटं बोलावं लागू न्हाई अन् तुजं नाव बी निघू न्हाई, म्हून तर मी उठले. घरच्या बाईनंच सांगितलं म्हनल्यावर तुज्याकडं कोण बघतंय? सगळं निपटलं हुतं. अन् तू आलास छाती काढून."

गाडी आली, तिचं गाठोडं मी आत दिलं, आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ फलाटावर येरझाऱ्या घालत राहिलो. तिला एकटीला तिथे उभं ठेवून मी आत बसून राहायला हवं होतं, हे मला आजही पटत नाही. मनातल्या मनात मी अजून तिच्याशी भांडतो. पण भर बैठकीत उठून माझ्यासाठी कुणी बोललं ते आयुष्यात एकदाच, आणि मी ते नीट ऐकूनसुद्धा घेतलं नाही. मला बाहेर यायची घाई झाली होती.